स्फटिक कड्यात नाहीत, टाकलेल्या डबरात आहेत

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दगडखाणींमधून स्फटिक शोधण्याच्या छंदाविषयी मजकूर आला. छंद उत्तम आहे आणि पुणे, नगर, नाशिक, जळगाव, संभाजीनगर या पट्ट्याइतकी त्याला योग्य जमीन जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मात्र सोबतच्या छायाचित्रांत मंडळी खाणीच्या उभ्या कड्याला चिकटून हातोडे चालवताना दिसतात. त्या जागी चांगला नमुना मिळण्याची शक्यता सर्वांत कमी आणि डोक्यात दगड पडण्याची सर्वांत जास्त. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी स्फटिक असतात कुठे ते पाहू. आपला काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, विहीर खोदणारे ज्याला पाषाण म्हणतात तो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, म्हणजे मांजऱ्या. थराच्या तळाशी कधी कधी बोटाएवढ्या जाड उभ्या नळ्या दिसतात, त्याही वायूच्याच. थर निवल्यावर कोमट, क्षारयुक्त पाणी या छिद्रांतून झिरपत राहिले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर झिओलाइट (रचनेत पाणी धरून ठेवणारी खनिजे), कॅल्साइट, क्वार्ट्‌झ (गारगोटी) यांचे स्फटिक धरले. लहान छिद्रे पूर्ण बुजली. वीतभर किंवा त्याहून मोठ्या पोकळ्यांत स्फटिकांना टोके फुटायला जागा राहिली. म्हणजे आपल्याला हवा आहे तो मांजऱ्या, आणि त्यातही दोन थर जिथे भेटतात तिथला तुटकातुटका भाग.

खाणवाल्याला नेमका हाच दगड नको असतो. मांजऱ्याची खडी ठिसूळ असते, पाणी पिते, आणि त्यातले लोमोंटाइटसारखे खनिज काँक्रीटलाही मानवत नाही. त्यामुळे पोकलेनवाला तो वरून खरवडून बाजूला लोटतो, पाषाण क्रशरकडे जातो आणि मांजऱ्या खाणीच्या काठावर डबर म्हणून पडून राहतो. शोधायचे ते या ढिगात. कड्यातून जे दिसते ते सुरुंगाने तडकलेले असते. पोकळी बाहेरून शाबूत वाटली तरी आतली टोके धक्क्याने गळून तळाशी पडलेली असतात.

नव्या विहिरींचे ढीग खाणींपेक्षाही चांगले. आपल्याकडे विहिरी फेब्रुवारी ते मे या काळात खोदतात. निघालेला दगड काठावर गोलाकार रचलेला असतो आणि त्यावर माती बसलेली असते. एक पावसाळा जाऊ द्यावा. पाऊस चिकणमाती धुऊन काढतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरपे असताना, सूर्याकडे तोंड करून ढिगाच्या कडेने सावकाश चालले की स्फटिकांच्या सपाट बाजू आरशासारख्या चमकतात. भर दुपारी त्याच ढिगावर काही दिसत नाही. चमक दिसली की जागेवरून नजर न हलवता तिथपर्यंत जायचे. खाली पाहून पाय टाकला की चमक हरवते, त्यामुळे दोघांनी जाणे सोयीचे. फार जुन्या ढिगांवर मात्र वेळ घालवू नये. लोमोंटाइट उघड्या हवेत पाणी सोडतो आणि काही महिन्यांत त्याचे पांढरे पीठ होते, नाजूक सुया पावसाने मोडतात, आणि उरते ते बहुतेक गारगोटी.

आता धोक्यांविषयी, कारण पुरवणीत त्यावर एक ओळही नव्हती. चालू खाणीत मालकाच्या किंवा मुकादमाच्या परवानगीशिवाय पाय टाकू नये, आणि जायचे तर काम बंद असलेल्या दिवशी. कड्यापासून निदान कड्याच्या उंचीइतके अंतर ठेवावे. पावसाळ्यानंतर हे अधिकच महत्त्वाचे. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी गेरूचा लाल पट्टा असतो. तो पाण्याने भिजून गळतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एखाद्या कोरड्या दुपारी काही आवाज न करता सुटतो. लाल पट्ट्याच्या खाली कोणी बसून डबा खात असेल तर त्याला उठवावे. खाणीत साचलेल्या पाण्याच्या काठावर जाऊ नये. तिथे उतार नसतो, एका पावलात दोन पुरुष खोली असते आणि बाहेर यायला धरण्याजोगे काही नसते. ढिगात रंगीत वायर किंवा प्लास्टिकची बारीक नळी दिसली तर न उडालेला सुरुंग जवळ असू शकतो. वायर ओढायची नाही, दगड हलवायचा नाही, तिथून बाजूला होऊन खाणीच्या माणसाला सांगायचे. ढीग चढताना एकाच्या खाली दुसरा नको. बाकी डोक्यावर हेल्मेट, पायात टणक चोचीचे बूट आणि डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा. साधा काचेचा चष्मा डोळा वाचवत नाही, तोच फुटून आत जातो.

हत्यारे फार लागत नाहीत. एक ते दीड किलोचा हातोडा, वीतभर लांबीच्या दोन पोलादी छन्न्या (एक सपाट, दोन सेंटिमीटर रुंद, आणि एक टोकदार), छोटी पहार, दहापट भिंग, वर्तमानपत्रे, मऊ टिश्यू, आणि फळांचे प्लास्टिकचे क्रेट. सुताराचा हातोडा आणू नये. त्याचे तोंड कडक पाणी दिलेले असते, छन्नीवर मारला की त्याची कपची उडते. छन्नीचे डोके चेपून कडा बाहेर वळल्या असतील तर त्या आधी घासून काढाव्यात, कारण त्या कपच्या बंदुकीच्या छऱ्यासारख्या सुटतात.

पोकळी सापडली की पहिला मोह तिच्या तोंडावर घाव घालण्याचा होतो. तोच नमुन्याचा शेवट. घाव स्फटिकापासून निदान पोकळीच्या रुंदीइतका दूर, मूळ खडकावर घालावा, आणि एका जोरदार ठोक्याऐवजी छन्नीने रेषेत हलक्या हाताने खाचा पाडत जावे. मांजऱ्यात बुजलेल्या छिद्रांच्या ओळी असतात, तडा त्या ओळीनेच पळतो. म्हणून आधी भिजवून, फडक्याने पुसून ओळ कुठे जाते ते पाहावे आणि ती पोकळीत शिरत असेल तर दगड फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी. पोकळीचे तोंड लहान असेल तर ठोकण्यापूर्वी आत ओला टिश्यू हळूच भरावा, म्हणजे सुटलेली टोके एकमेकांवर आपटत नाहीत. अणकुचीदार सुयांच्या पोकळीत मात्र काहीही भरायचे नाही. दगड फार मोठा असेल आणि शांतपणे फुटत नसेल तर छायाचित्र काढून तिथेच ठेवावा. अर्धा मोडून आणलेल्या नमुन्यापेक्षा जागेवरचा पूर्ण नमुना पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो. मूळ खडकाचा तुकडा खाली राहू द्यावा. खडकावेगळा, नुसता स्फटिक म्हणजे अर्धी माहिती.

बांधणी हा नमुना मोडण्याचा दुसरा मोठा प्रसंग. कापूस कधीच वापरू नये, तंतू स्फटिकांत अडकतात आणि काढताना टोके घेऊन येतात. स्टिल्बाइट, हुलंडाइट, अपोफिलाइट, क्वार्ट्‌झ यांना टिश्यू आणि त्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर पुरतात. स्कोलेसाइटच्या सुयांचे झुपके आणि ओकेनाइटचे कापसाळ गोळे मात्र गुंडाळायचे नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाशी ओल्या मातीचा किंवा पुट्टीचा थर देऊन त्यात फक्त मूळ खडक बसवायचा, वरच्या भागाला कशाचाही स्पर्श नको. ओकेनाइटवर एकदा बोट फिरले तर त्याचे तंतू कायमचे चिकटून बसतात. पाण्याने धुतला तरी तेच होते. तो फक्त फुंकून किंवा रबरी फुग्याच्या हवेने साफ करता येतो.

जागेवर ओळख पटवायला एवढे पुरेल. स्टिल्बाइटची पातळ पाती मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीसारखी दिसतात, रंग पांढरा ते सामन माशाच्या मांसासारखा गुलाबी. हुलंडाइटचे स्फटिक मध्ये रुंद आणि टोकाकडे निमुळते, एका बाजूवर मोत्याची झाक. अपोफिलाइट चौकोनी खांब किंवा चौकोनी पिरॅमिड, खांबाच्या बाजूंवर उभ्या बारीक रेघा, वरच्या सपाट तोंडावर मोत्याची चमक, आणि त्याच दिशेने तो पत्त्यासारखा सुटतो. तो झिओलाइटच्या सोबतीने सापडतो, पण रचनेने झिओलाइट नाही. त्याचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. कॅल्साइट आणि अपोफिलाइट यांत गोंधळ झाला तर मोडलेला तुकडा घ्यावा: कॅल्साइट तिरक्या ठोकळ्यांत फुटतो आणि तांब्याच्या नाण्याने ओरखडतो, अपोफिलाइट ओरखडत नाही. क्वार्ट्‌झ काचेवर ओरखडा काढतो, यांतले दुसरे कोणी काढत नाही. परीक्षा नेहमी मोडलेल्या कडेवर करावी, चांगल्या टोकावर नव्हे. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट या तिघांच्या सुया डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येतात असे कोणी छातीठोक सांगितले तर विश्वास ठेवू नये. चिठ्ठीवर 'सुईसारखा झिओलाइट' लिहिणे चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा बरे.

पोकळीच्या भिंतीवर हिरवा मऊ थर असतो. नवखे लोक त्याला तांबे समजून आनंदतात. तो सेलाडोनाइट, लोहयुक्त अभ्रकाच्या घराण्यातला. तो खरवडून काढू नये, पोकळीत सर्वांत आधी काय आले याचा तोच पुरावा आहे.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींचे नाव जगभर झाले ते कॅव्हन्साइट या गडद निळ्या खनिजामुळे. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, पण तिथले स्फटिक अगदी बारीक. वाघोलीतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस निळे गोळे येऊ लागले आणि जगातील संग्रहालयांनी ते घेतले. त्याचेच रासायनिक घटक पण वेगळी रचना असलेला पेंटॅगोनाइटही तिथे मिळतो. कॅव्हन्साइट सहसा गोलसर गुच्छात, पेंटॅगोनाइट लांबट पात्यांत, आणि त्याचे जुळे स्फटिक पाच पाकळ्यांचे. दोन्ही मऊ आहेत, नखाने नव्हे पण चाकूने सहज जातात. ते मिळतात थरांमधल्या तुटक्या, भुसभुशीत खडकात. चकचकीत काळ्या पाषाणात निळे शोधत फिरणे व्यर्थ आहे.

साफसफाईचा विषय आम्ही मुद्दाम वेगळा काढतो, कारण सर्वाधिक नमुने घरच्या बादलीत मरतात. बाथरूमचे ॲसिड वापरू नका. कॅल्साइट उडवण्यासाठी लोक नमुना ॲसिडमध्ये टाकतात. कॅल्साइट जातोच, पण स्कोलेसाइट आणि लोमोंटाइट त्यात विरघळून जेली होतात, स्टिल्बाइट, हुलंडाइट आणि अपोफिलाइटवर दुधाळ साय धरते आणि चमक कायमची जाते. शिवाय कॅल्साइटवर बसलेले दुर्मीळ स्फटिक आधाराविना गळतात. ऑक्झॅलिक ॲसिड गंजाचे डाग काढते, पण फक्त निव्वळ क्वार्ट्‌झवर. नमुन्यात कॅल्साइट असेल तर त्याच्यावर पांढरा न जाणारा थर बसतो.

पुरेसे असते ते साधे पाणी. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, नमुना रात्रभर बुडवून, सकाळी मऊ टूथब्रशने, आणि चिकणमाती सुटली नाही तर पुन्हा रात्रभर. उन्हातून आणलेला गरम दगड लगेच थंड पाण्यात टाकू नये, कॅल्साइटच्या आत तडे जाऊन तो ढगाळ होतो. खाणीतून ताजा, ओला निघालेला नमुना उन्हात वाळवू नये. ओलसर कागदात गुंडाळून सावलीत चार-पाच दिवस सावकाश सुकू द्यावा. लोमोंटाइट असेल तर तो सुकणारच आणि भुगा होणारच. त्याला टिकवायचे तर पाण्याच्या बाटलीत ठेवणे हा एक प्रामाणिक उपाय, मग तो कितीही विचित्र दिसो. उच्च दाबाच्या पाण्याचा पंप गाडीसाठी ठेवा.

चिठ्ठीशिवाय नमुना शोभेची वस्तू राहतो. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, खाणीचा किंवा विहिरीचा गट क्रमांक, ढिगातून घेतला की जागेवरून, विहीर असेल तर मालकाच्या सांगण्याप्रमाणे खोली, तारीख आणि सोबत कोणती खनिजे होती एवढे हवे. चिठ्ठी हरवते, म्हणून नमुन्याच्या तळाला पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहावा, वर पारदर्शक वार्निशचा थेंब, आणि तोच क्रमांक वहीत. हा काटेकोरपणा अतिरेकी वाटेल. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गासाठी डोंगर फोडताना निघालेले देखणे नमुने युरोपच्या संग्रहालयांत आहेत, आणि जुन्या संग्रहांतल्या अनेक चिठ्ठ्यांवर नुसते 'पूना' एवढेच. घाटातला की पठारावरचा, कोणत्या थरातला, काही कळत नाही. आजचे व्यापारीही जागा लपवण्यासाठी कुठलाही दगड 'जळगाव' करून टाकतात, तो भाग वेगळा.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर मिळणारे भडक गुलाबी, जांभळे, निळे कापसाळ गोळे हे रंगवलेले ओकेनाइट आहेत. खरा ओकेनाइट पांढरा असतो. कॅव्हन्साइटचा निळा गोळा पांढऱ्या स्टिल्बाइटवर फार सुबक बसलेला दिसला तर भिंगाने बुडखा पाहावा, डिंकाची चमकदार रेघ दिसते. अंधारात अतिनील दिव्याखाली पुष्कळ डिंक फिकट निळे चमकतात. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातला पॉवेलाइट हे खनिज मात्र लघुलहरी अतिनीलमध्ये स्वतःच पिवळसर चमकते. तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. खरे आणि एकाच छताखाली नीट मांडलेले नमुने पाहायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे. शोधायला बाहेर पडण्याआधी तिथे अर्धा दिवस घालवला तर डोळा तयार होतो.

कायद्याचे थोडक्यात. जमिनीखालची खनिजे राज्य शासनाची असतात. केंद्राने २०१५ मध्ये ३१ खनिजे गौण खनिजांच्या यादीत घातली, त्यांत कॅल्साइट आणि अकीकही आहेत; क्वार्ट्‌झही होता, पण २०२५ मध्ये तो त्या यादीतून काढला गेला. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो. टाकलेल्या ढिगातून मालकाच्या संमतीने पिशवीभर नमुने उचलणे आणि टिकाव-फावडे घेऊन खड्डा पाडणे यांत फरक आहे. विहिरीच्या काठावर कुणी दिसत नाही म्हणून परवानगी नको, असे नसते. शेतकरी सहसा नाही म्हणत नाही. ढीग विस्कटून पाटात दगड लोटले की मात्र पुढच्या सगळ्यांसाठी दार बंद होते.

आता मागणी. पुण्यातल्या पाषाण भागातील खाणींतून एके काळी हिरवे अपोफिलाइट निघत, मुंबईतील मालाड-कांदिवलीच्या खाणींतून प्रेहनाइट, गायरोलाइट आणि ओकेनाइट. या जागा शहराच्या पोटात गेल्या. शहरे वाढणारच, त्याला इलाज नाही. पण खाण बुजवण्याआधी किंवा डबर भरावाला उचलण्याआधी नोंद करता येते, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. खाणपट्टाधारकांनी मांजऱ्याचे डबर भरावाला पाठवण्यापूर्वी आठ दिवस एका ठरावीक, कड्यापासून लांबच्या जागी पसरून ठेवावे. उंच ढीग नको, एका माणसाच्या कमरेइतका थर पुरे. आठवड्यातून खाण बंद असेल त्या दिवशी दोन तास, नाव-पत्ता लिहून घेऊन, हेल्मेट असलेल्यांनाच तिथे सोडावे. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाने त्या दोन तासांत एक शिक्षक पाठवावा. निघालेल्या प्रत्येक वेगळ्या खनिजाचा एक नमुना चिठ्ठीसह विभागात राहील, बाकी शोधणाऱ्याचे. जिल्हा खनिकर्म कार्यालयाने खाणपट्ट्याच्या अटींत ही एक ओळ घालावी, आणि खाण बंद होताना कड्याची, थरांची सीमा दाखवणारी छायाचित्रे मोजपट्टीसह दप्तरी ठेवावीत. मांजऱ्याचे डबर खडीत जातच नाही, त्यामुळे मालकाचे यात फारसे काही जात नाही.

पुरवणीत पुढच्या वेळी या विषयावर छायाचित्र छापताना ते डबराच्या ढिगापाशी काढलेले असावे, आणि खाणीपर्यंतचा रस्ता देण्याऐवजी फक्त तालुका द्यावा, एवढी विनंती.

आपले,
भूशास्त्राचे काही शिक्षक व खनिज-संग्राहक
पुणे